श्वासाचा पहारा

प्रिय वैशाली आणि संदीप,

तुमच्या आईच्या मागच्या पत्रात वैशालीने एक प्रश्न घातला होता. आजोबांच्या सगळ्या फोटोंत त्यांच्या गळ्याखाली रुपयाएवढा खळगा दिसतो, तो कसला? तुमच्या आईने उत्तर द्यायचं माझ्यावर सोडलं आहे, आणि तिचं बरोबर आहे. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि बराच काळ तिला आम्ही तळेगावला काकांकडे ठेवलं होतं. ही हकीकत अथपासून इतिपर्यंत पाहिलेली दोनच माणसं उरली होती, वडिवळ्याचे कोंडिबा आबा आणि मी. आबा गेल्याचं पोस्टकार्ड मागच्या महिन्यात आलं. म्हणून आता लिहायला बसले आहे. भाषा साधी ठेवते, म्हणजे आईने वाचून दाखवलं तरी तुम्हाला कळेल. आणि जे झालं तेवढंच लिहिते. त्याचा अर्थ काय लावायचा हे तुम्ही मोठे झाल्यावर तुमचं तुम्ही ठरवा.

आधी माझ्याविषयी एक कबुली. मी श्रद्धाळू बाई नव्हते. माझे वडील म्हणत की देवाला मागणं घालणं म्हणजे त्याला आपल्या घरचा गडी समजणं. ते मला पटलेलं होतं. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तुमचे आजोबा मुलांच्या शाळेत गणित. तुंगार्लीला एका बंगल्याच्या मागच्या तीन खोल्यांत आम्ही राहत होतो. घरात देव होते, पण त्यांची पूजा सासूबाईंच्या मागे कुणी नेमाने केली नव्हती. माझा विश्वास वेळापत्रकावर होता. प्रत्येक कामाला वेळ आणि प्रत्येक वस्तूला जागा ठरवून दिली की आयुष्य नीट चालतं, असं मला अगदी मनापासून वाटे.

सत्तावन्न साली फ्लूची ती मोठी साथ आली. जगभर आली, तशी आमच्याकडेही आली. शाळेत बाकं रिकामी पडू लागली. आजोबांनाही ताप आला, पाच दिवसांत उतरला, ते पुन्हा शाळेत जाऊ लागले. पंधरा दिवसांनी एका सकाळी म्हणाले, "पायाला मुंग्या येताहेत." दुसऱ्या दिवशी जिन्यात पाय वाकला. तिसऱ्या दिवशी हातात खडू धरेना. चौथ्या दिवशी आवाज इतका बारीक झाला की मी वाकून कान लावायची. लोणावळ्यात तेव्हा एक लहान खासगी रुग्णालय होतं, एका जुन्या बंगल्यात. तिथले डॉक्टर विलायतेत राहून आलेले, बोलायला तुटक, पण फार हुशार. त्यांनी आजोबांना तपासलं आणि मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "तापाच्या मागून कधी कधी असं होतं. नसा लुळ्या पडतात. छातीच्याही पडताहेत. फुप्फुसं चांगली आहेत, पण ती हलवायला बळ उरलेलं नाही. बहुतेक वेळा नसा पुन्हा जाग्या होतात. तोपर्यंत श्वास आपल्याला द्यावा लागेल."

"किती दिवस?" मी विचारलं.

"ते मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं."

श्वास देणारी यंत्रं तेव्हा फार थोडी होती. डॉक्टरांनी पुण्याला आणि मुंबईला फोन केले. एकही रिकामं नव्हतं, आणि त्या अवस्थेत माणसाला घाटातून नेणार तरी कसं? मग त्यांनी आजोबांच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली. नळीला एक रबरी भाता जोडला. बाजाच्या पेटीला असतो तसा, घड्यांचा, काळा. हाताने खाली दाबला की हवा आत जायची, हात सैल केला की भाता वर यायचा आणि आतली हवा एका झडपेतून बाहेर पडायची. मिनिटाला सोळा वेळा. झोप नाही, जेवण नाही, सुट्टी नाही. भाता थांबला की आजोबा थांबले.

आणि ते पूर्ण शुद्धीवर होते. हे तुम्ही लक्षात ठेवा. बोलता येत नव्हतं, बोटही उचलत नव्हतं, पण पापण्या हलत होत्या आणि डोळ्यांतून सगळं कळत होतं.

मी वेळापत्रक केलं. एका फूलस्केप कागदावर आखून, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. त्यात मी, तळेगावहून आलेले माझे दीर, शाळेतले दोन शिक्षक, आणि सिस्टर मोकळ्या असतील तेव्हा त्या. डॉक्टरांनी कागद पाहून मान हलवली. मला थोडा अभिमानही वाटला. तीन दिवस तसेच काढले. आमचे तळवे सोलले. पण खरं सांगायचं तर सर्वांत जास्त वेळ भात्यावर मीच असे. माझी पाळी संपली तरी मी उठत नसे. दुसऱ्याच्या हातात द्यायचं म्हटलं की मी 'अजून पाच मिनिटं' म्हणे. भाऊजी चिडून म्हणत, "वहिनी, रकाने कशाला आखलेत मग?"

तिसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं. भाऊजींची पाळी दोनला संपत होती. पुढची एका शिक्षकांची. तेव्हा मी सिस्टरांबरोबर मागे नळ्या उकळायला गेले होते. घड्याळात दोन वाजले, शिक्षक दारातून आत आलेले भाऊजींना दिसले, ते भाता सोडून उठले आणि हात धुवायला गेले. शिक्षकांना वाटलं भाऊजी अजून बसले आहेत, म्हणून ते चप्पल काढून, टोपी ठेवून, सावकाश खाटेभोवतीच्या पडद्याकडे आले. दोघांचीही चूक म्हणता येणार नाही. माझ्या कागदावर कुणी केव्हा बसायचं हे लिहिलं होतं. एकाने दुसऱ्याला कसं द्यायचं हे कुठेच लिहिलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा भात्यावर एक अनोळखी म्हातारा होता. डोक्याला मुंडासं, गळ्यात माळ, अंगात मळकी बंडी. तो उभा राहून भाता दाबत होता आणि नजर आजोबांच्या डोळ्यांवर होती. शेजारच्या खाटेवर त्याची बायको तापाने पडलेली होती, सखूबाई तिचं नाव. पडद्याच्या फटीतून तो तीन दिवस आम्हाला पाहत होता. त्या रिकाम्या क्षणात त्याने आजोबांचे डोळे पाहिले आणि उठला. आजोबांनी पुढे मला सांगितलं की त्यांनी मनात एकवीसपर्यंत मोजलं होतं. त्यापुढे आकडे सापडेनात.

मी धावत जाऊन भाता घेऊ लागले. म्हातारा म्हणाला, "थांबा, बाई. असं वढू नका. आदी माज्या हातावर हात ठिवा."

मी ठेवला.

"आता माज्यासंगं दाबा. अजून. अजून. गवसली लय? मग मी सोडतो."

त्याने हात काढला तेव्हा भात्याला काही कळलंही नाही. भाऊजी तोवर ओले हात घेऊन दारात उभे होते, पांढरेफटक. म्हातारा त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, रागावू नगा. पन पहारा असा सोडत न्हाईत. आमच्यात सप्त्याला वीणा सात दिस भुईला टेकत न्हाई. घेनारा आल्याबिगर देनारा हलत न्हाई."

तुम्ही सप्ताह पाहिलेला नाही, म्हणून सांगते. आमच्या मावळात श्रावणात गावोगाव देवळात सात दिवस अखंड नामस्मरण चालतं. एक जण गळ्यात वीणा घालून उभा राहतो. दोन तासांनी दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मध्ये तार थांबत नाही. या पाळीला पहारा म्हणतात. त्या म्हाताऱ्याने, म्हणजेच कोंडिबा आबांनी, ते पन्नास वर्षं केलं होतं. मी ऐकून होते, पण त्याकडे एक गावठी रीत म्हणून पाहत आले होते.

दुसऱ्या सकाळी सखूबाईंना घरी सोडलं. आबा तिला घेऊन कामशेतच्या गाडीला गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण त्यांनी आमच्यासाठी काय म्हणून थांबावं? तो दिवस माझ्या आठवणीतला सर्वांत वाईट. एक शिक्षक तापाने पडले. आम्ही तिघे उरलो. दुपारी मी भाता दाबता दाबता प्रार्थना करायचा प्रयत्न केला आणि मला शाळेतल्या इंग्रजी प्रार्थनेपलीकडे काही आठवेना. तीही अर्धीच. मग मी मनात एवढंच म्हटलं, "माझ्याने आता होत नाही." कुणाला म्हटलं ते मला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी व्हरांड्यात घोंगड्यांचा ढीग पडलेला दिसला. आबा अकरा माणसं घेऊन आले होते. आठ पुरुष, तीन बायका. त्यात त्यांची सून पारू होती. बरोबर भाकरी, चटणी, आणि एक तांदळाचं गाठोडं. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही जत्रा कसली? इथे साथ आहे. यातल्या किती जणांना ताप येऊन गेला?"

"समद्यांस्नी," आबा म्हणाले. "म्हनून तर हेच आनले. आख्खा गाव पडला हुता, साहेब. तापापायी औंदा आमचा सप्ता मोडला. पंचावन्न वर्सांत पैल्यांदा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तवा म्हनलं, त्यो हितं करू."

मी विचारलं, "आबा, तुम्ही आम्हाला ओळखत नाही. कशासाठी हे?"

"मास्तरांला वळखायचं कशाला? वीणा कुनाची हाय ते कुनी इचारतं व्हय?"

डॉक्टरांनी सगळ्यांचे हात कोपरापर्यंत साबणाने धुवून घेतले. मी जरा जास्तच कडक होते, एकेकाला तीन तीनदा धुवायला लावले. पारू हसून म्हणाली, "बाई, अजून यकदा धुतलं तर कातडं निगंल." तीन तीन माणसांचे चार गट झाले. एक भात्यावर, एक मागे उभा, एक विश्रांतीला. पहारा बदलताना ते आपल्या रीतीप्रमाणे पाया पडायचे. घेणारा वाकायचा आणि देणाराही भाता न सोडता वाकायचा. पहिल्यांदा भाऊजींची पाळी आली तेव्हा एक शेतमजूर त्यांच्या पाया पडला आणि वाट पाहत थांबला. भाऊजी वकील होते, सोवळ्या घरातले. ते घुटमळले. आबा शांतपणे म्हणाले, "वाका, भाऊ. पहाऱ्याला जात नसती." भाऊजी वाकले. पुढे ते आपणहून आधी वाकू लागले.

त्यात एक मोठी चूकही झाली, तीही लिहिली पाहिजे. भजनाची एक सवय अशी की शेवटाकडे लय चढत जाते. दुसऱ्या दिवशी दोन तरुण भात्यावर असताना हळू आवाजात नाम चाललं होतं. ते रंगत गेलं आणि त्याबरोबर भाताही धावू लागला. आजोबांचे डोळे फिरू लागले. डॉक्टर धावत आले, भाता धरला आणि ओरडले, "हा काय भजनाचा फड आहे? श्वास जास्त झाला तरी माणसाला सोसत नाही!" ते दोघे तरुण कोपऱ्यात जाऊन रडवेले उभे राहिले. आबा त्यांना रागावले नाहीत. मी माझं सेकंदकाट्याचं घड्याळ पुढे केलं. ते त्यांच्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हतं. आबांनी डॉक्टरांच्या हातावर हात ठेवून भाता आपल्याकडे घेतला. मग अगदी सावकाश म्हणाले, "जय जय राम," आणि दाबलं. "कृष्ण हरी," आणि सोडलं. डॉक्टरांनी घड्याळ हातात घेतलं. पूर्ण एक मिनिट त्यांनी पाहिलं.

"सोळा," ते म्हणाले. पुन्हा पाहिलं. "सोळा." मग चष्मा काढून पुसत राहिले.

"गजर हितं न्हाई," आबांनी सर्वांना बजावलं. "हितं निस्ता वीणा."

मीही त्याच लयीत बसू लागले. सुरुवातीला केवळ मोजमाप म्हणून. पण दिवसात कित्येक तास तेच शब्द ओठांवर असले की ते मोजमाप राहत नाहीत. तरीही माझी जुनी खोड गेली नव्हती. पाळी संपली तरी माझा हात भात्यावरून निघत नसे. एकदा आबांनी माझ्या हातावर हात ठेवला, लय जुळवली आणि थांबले. मी सोडेना. ते म्हणाले, "बाई, सोडा आता. तुमी सोडल्याबिगर मला धरता येत न्हाई." मी सोडलं. व्हरांड्यात जाऊन घोंगडीवर आडवी झाले आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा चार तास झोपले. जागी झाले तेव्हा आतून तेच शब्द ऐकू येत होते.

असे सात दिवस झाले. आठव्या सकाळी मी हिशेब केला. यांचा सप्ताह पुरा झाला, आता ही माणसं जाणार. आजोबांची पापणीशिवाय कशाचीच हालचाल नव्हती. मला त्यांना थांबा म्हणायचा धीर नव्हता. त्यांची शेतं होती, गुरं होती. मी बाजारातून नारळ आणि पेढे आणले, पहाऱ्यावरचा सोडून सर्वांना समोर बसवलं आणि आभाराचे चार शब्द बोलू लागले. आबांनी मध्येच विचारलं, "मास्तरांनी सोताचा सोआस घेतला?"

"नाही."

"मग नारळ कशाला फोडता? काला झाल्याबिगर सप्ता उठत न्हाई." आणि मागे वळून म्हणाले, "पारू, तुजा पहारा. जा."

ती सगळी उठली. पेढे तसेच राहिले. चार जण गुरांसाठी गावी गेले आणि त्यांच्या जागी दुसरे चार आले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. देव आहे की नाही या प्रश्नाशी मी तरुणपणापासून वाद घालत आले होते. त्या सकाळी तो प्रश्न मला पडलाच नाही.

आबांचा पहारा सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी दुपारी पारू भात्यावर होती आणि मी तिच्या मागे उभी. ती एकाएकी नाम घ्यायची थांबली. हात चालू होता. कपाळाला आठी घालून ती म्हणाली, "बाई, भाता बिगडला."

मी पुढे वाकले. "काय झालं?"

"मी दाबायच्या आदीच ह्यो खाली जातुया. आतनं कुनीतरी वडतंय."

मी तिच्या हातावर हात ठेवला. भाता वर आला. तिने दाबण्याआधी, अगदी मांजराच्या पिलाने बोट ओढावं तसा, तो एक हलका झोका खाऊन आत खचला. पुन्हा वर आला. पुन्हा खचला. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. मी डॉक्टरांना हाक मारली, पण ती हाक नव्हती, किंकाळी होती. ते आले, भात्यावर हात ठेवला, पाच-सहा श्वास मोजले. मग पारूला म्हणाले, "भाता बिघडला नाही, बाई. तुझा रोगी श्वास घेतोय."

पारू हात चालू ठेवूनच चटकन भात्याच्या पाया पडली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती डॉक्टरांच्याही पाया पडली, आणि डॉक्टर, ज्यांना मी कुणापुढे मान लववताना पाहिलं नव्हतं, ते तिच्यापुढे वाकले.

त्यानंतर भाता आणखी सहा दिवस चालला, रोज थोडा कमी. मग एक पूर्ण दिवस तो स्टुलावर नुसता ठेवलेला राहिला. त्या दिवशी आबांनी बाजारातून दही आणवलं, व्हरांड्यात लाह्या कालवल्या आणि सर्वांना काला वाटला. आजोबांच्या ओठांना बोटभर लावला. नळी निघाल्यावर आजोबांचा पहिला शब्द काय होता, हे तुमची आई मला नेहमी विचारायची. तो असा होता: "सोळा नव्हते. पारूचे पंधरा व्हायचे." गणिताचा मास्तर! पडल्या पडल्या ते मोजत होते.

चालायला त्यांना आठ महिने लागले. पुढच्या श्रावणात काठी टेकणाऱ्या आजोबांना घेऊन मी वडिवळ्याला, आबांच्या गावी, गेले. आबांनी आजोबांच्या गळ्यात वीणा घातली आणि दुपारी दोन ते चारचा पहारा आमच्या घराला दिला. त्यानंतर आजोबा एकोणीस वर्षं जगले.

हा चमत्कार होता का, हे मला विचारू नका. नसा आपोआप जाग्या होतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण त्या जाग्या होईपर्यंत श्वास कुणी द्यायचा हे त्यांना सांगता आलं नव्हतं. "माझ्याने होत नाही" असं मी एका दुपारी म्हटलं आणि दुसऱ्या सकाळी अकरा माणसं आली, एवढंच मला ठाऊक आहे. शरण जाणं म्हणजे हात जोडून बसून राहणं, असं मी समजत होते. तसं नाही, बाळांनो. आपली पाळी पूर्ण ताकदीने करायची आणि पुढचा हात येऊन टेकला की त्याच्यावर विश्वास ठेवून आपला काढून घ्यायचा. मला ते बेचाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं, तुम्ही लवकर शिका.

ते रुग्णालय आता बंद झालं, तिथे हॉटेल आहे. डॉक्टर लोणावळा सोडून गेले, भाता कुठे गेला कुणाला माहीत नाही. आजोबा नाहीत, आबा नाहीत. वडिवळ्याचा सप्ताह दर श्रावणात होतो. दुपारी दोन ते चारचा पहारा अजून आपल्या घराचा आहे, आणि यंदा तो मी केला.

तुमची आजी